जरा इकडे बघ ना, कारळी!

आमच्या कुत्रीचं नाव कारळी. अंगानं कारळ्याच्या चटणीसारखी काळी कुळकुळीत, आणि गळ्याशी खोबऱ्याच्या कपच्याएवढा पांढरा ठिपका. जात विचारलीत तर अस्सल गावठी. सहा वर्षांपूर्वी आषाढातल्या पावसात सोसायटीच्या फाटकाशी कुडकुडत बसली होती, ती घरात आली आणि घरचीच झाली. कॅमेरा आला त्यानंतर तीन वर्षांनी, तोही तिच्यासाठीच. कुत्र्याचं आयुष्य बारा-चौदा वर्षांचं. त्यातली तीन वर्षं फोनमधल्या हललेल्या फोटोंत निघून गेली, याची चुटपुट लागली होती.

कॅमेरा हातात आला आणि कुत्र्यांविषयी, फोटोंविषयी मिळेल ते वाचायचा नाद लागला. एकेक गंमत अशी सापडत गेली की वाचली आणि लगेच कारळीला हाक मारली. या छंदाचं हेच मोठं सुख आहे. वाचलेलं पडताळून बघायला प्रयोगशाळा लागत नाही, ती पायाशीच लोळत असते.

सुरुवातीचा मान कुत्र्याचा

इन्स्टाग्रामवर आज जगातलं काय नाही? पण तिथला सुरुवातीचा मान एका कुत्र्याचा आहे. १६ जुलै २०१० रोजी केविन सिस्ट्रॉम यांनी आपल्या तयार होत असलेल्या अ‍ॅपवर एक फोटो टाकला. मेक्सिकोतलं तोदोस सांतोस गाव, टाकोचं दुकान, तिथे मान वर करून बघणारा एक बदामी कुत्रा आणि कोपऱ्यात सिस्ट्रॉम यांच्या मैत्रिणीचं पाऊल. अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं झालं ६ ऑक्टोबरला. म्हणजे जग यायच्या जवळजवळ तीन महिने आधी कुत्रा येऊन बसला होता.

तो फोटो नीट बघा. उभ्या माणसानं खाली बघत काढलेला आहे. आपण सगळे सुरुवातीला असेच काढतो. डोकं मोठं, पाय इवलेसे, नजर केविलवाणी. आता तोच फोटो खाली बसून काढा. त्याहून बरं, पोटावर झोपून काढा. कुत्रा एकदम कुत्र्याएवढा दिसायला लागतो. त्याची छाती दिसते, ऐट दिसते, मागे रस्ता लांबवर पसरलेला दिसतो. आणि फोन असेल तर जरा लांबून काढा. फोनचं भिंग रुंद दृश्य पकडणारं, जवळ नेलं की नाक भोपळ्याएवढं आणि कान मागच्या मागे गायब.

खाली वाकण्यातला बादशहा म्हणजे एलियट अर्विट. पॅरिसमध्ये जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला, मॅग्नम या नामांकित संस्थेचा फोटोग्राफर. मोठमोठ्या पुढाऱ्यांचे आणि सिनेतारकांचे फोटो त्यानं काढले, आणि त्याच तन्मयतेनं आयुष्यभर कुत्र्यांचे. न्यूयॉर्कमधला त्याचा १९७४ सालचा फोटो बघितला नसेल तर अवश्य बघा. कॅमेरा थेट घोट्याच्या उंचीवर. एका बाईचे बूट, शेजारी एका थोराड ग्रेट डेनचे नुसते पाय, आणि टोपी-अंगरखा घातलेला टीचभर चिवावा थेट आपल्याकडे बघतोय. बाईचा चेहरा नाही, मोठ्या कुत्र्याचाही नाही. अख्ख्या शहरात चेहरा फक्त त्या चिमुकल्याला! कुत्र्यांनी बघावं म्हणून अर्विट चक्क त्यांच्यावर भुंकायचा. २०२३ साली, पंचाण्णवाव्या वर्षी तो गेला. मला हा माणूस फार आवडतो. कुत्र्यांची चेष्टा त्यानं कधी केली नाही, त्यांची सोबत केली.

काळ्या कुत्र्याचं गणित

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. कारळीचे पहिल्या दिवशी मी एकशे चाळीस फोटो काढले. दुपारचं ऊन, गॅलरीतल्या पांढऱ्या फरशा आणि मधोमध ती. घरात येऊन बघते तर सगळीकडे फरशा लख्ख, आणि मधे कुत्रीच्या आकाराचं भोक. डोळे नाहीत, नाक नाही, केस नाहीत.

असं का होतं, ते कळलं की फार बरं वाटतं. कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं असणार, असं धरून तो प्रकाश मोजतो. चौकटीत पांढऱ्या फरशा जास्त असल्या की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो गडद करतो. काळा कुत्रा त्यात बुडतो. उलट काळ्या कुत्र्यानं चौकट भरून टाकली, तर त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजळवत जातो. मग कुळकुळीत कारळी राखाडी दिसते. पहिल्या वेळी अधिक चिन्हाकडे जायचं, दुसऱ्या वेळी उणे चिन्हाकडे. कॅमेऱ्यावर त्यासाठी + आणि − असं वेगळं चाक किंवा बटण असतं. फोनवर कुत्र्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह दिसलं की ते वर-खाली सरकवा. तुमच्याकडे पांढराशुभ्र स्पिट्झ असेल, तर हेच गणित उलटं मांडायचं.

आणि ऊन टाळा. काळ्या केसांना थेट ऊन नको, मोकळं आभाळ हवं. खिडकीशी, दारात, व्हरांड्याच्या कडेला कुत्र्याला बसवलं की केसांवर निळसर चमक उतरते, एकेक केस सुटा दिसतो, आणि बुबुळात खिडकीचा छोटा पांढरा चौकोन उमटतो. तो चौकोन उमटला की काळा चेहरा जागा होतो. कारळीच्या डाव्या भुवईच्या जागी तीन-चार लांब तांबूस केस आहेत. तीन वर्षं ती पायाशी झोपत होती आणि मला ते माहीत नव्हते. खिडकीशी काढलेल्या एका फोटोत ते पहिल्यांदा दिसले.

फ्लॅश मात्र बंद. कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चमकदार थर असतो. आत आलेला प्रकाश तो परत फिरवतो, म्हणून अंधुक उजेडातही कुत्र्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं. आणि म्हणूनच फ्लॅश मारला की आपली लाडकी हिरव्या-पिवळ्या दिव्यांची मोटार होऊन बसते. निळ्या डोळ्यांच्या हस्कीत हा थर बरेचदा नसतो. तिथे डोळे माणसासारखे लाल येतात.

कॅमेरा दिसला की तोंड का फिरवतात?

ही तक्रार घरोघरी आहे. “एरवी सारखा मागे-पुढे करतो, फोटो म्हटलं की ढुंगण!” त्याचं कारण साधं आहे. कुत्र्यांच्या जगात अनोळखी मोठा डोळा रोखून बघत राहिला तर ती धमकी असते. लेन्स म्हणजे तोच डोळा, पापणीही न लवणारा. मान वळवणं, जांभई देणं, नाक चाटणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, हे सगळं “मला जरा अवघड होतंय” असं सांगणं आहे. तेव्हा कॅमेरा खाली ठेवा. कारळीला मी आठवडाभर नुसता कॅमेरा हुंगायला दिला. लेन्सवर नाकाचा ओला ठसा उमटला की समजायचं, ओळख झाली.

आता ते समाजमाध्यमांवरचे “गुन्हेगार” फोटो. फाटलेली उशी, शेजारी कान पाडून बसलेला कुत्रा आणि खाली “मीच केलं” अशी पाटी. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेनं २००९ साली याचा छडा लावला. कुत्र्यानं खाऊ खरंच चोरला होता की नाही, याचा त्या पडलेल्या चेहऱ्याशी संबंधच नव्हता. मालक रागावला की चेहरा पडे. निर्दोष कुत्र्याचाही पडे! हे वाचल्यापासून तसला फोटो बघितला की मला त्या कुत्र्याची बाजू घ्यावीशी वाटते.

याउलट, भुवया उचलून केलेली ती विरघळवणारी नजर मात्र खास आपल्यासाठीच आहे. २०१९ साली ज्युलिएन कामिन्स्की या संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या चेहऱ्यांचे स्नायू ताडून पाहिले. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची भुवई वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला धडधाकट, लांडग्यांत नावापुरता. माणसाच्या सोबतीत राहता राहता कुत्र्यांनी चेहऱ्यात नवी दोरी बसवून घेतली. फोटो काढताना चेहरा पकडायचा तर तो क्षण पकडा. पोळी लाटत असताना हमखास मिळतो.

मान तिरकी करण्याचंही असंच. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२१ साली खेळण्यांची नावं पाठ असलेल्या हुशार कुत्र्यांची इतरांशी तुलना केली. खेळण्याचं नाव घेऊन “आण” म्हटलं की हुशार कुत्रे ४३ टक्के वेळा मान तिरकी करत, बाकीचे जेमतेम २ टक्के. म्हणजे मान वाकडी होते तेव्हा डोक्यात काहीतरी जुळवाजुळव चालू असावी. मला या गोष्टीचा रोज उपयोग होतो. “भाकरी” म्हणायचं आणि क्लिक.

मिठाई कुठे धरायची, हे सत्यजित राय यांना विचारा

“पथेर पांचाली”मधलं ते दृश्य आठवा. कावड घेऊन मिठाईवाला चाललाय, मागे दुर्गा, मागे अपू आणि त्यांच्यामागे कुत्रा. तळ्यात सगळ्यांची उलटी प्रतिबिंबं. १९५५ साली आलेल्या या सिनेमाचं हे दृश्य घेताना कुत्रा काही केल्या मागे येईना. फिल्म महाग, पैशांची ओढाताण, आणि कुत्रा ढिम्म. शेवटी दुर्गेनं पाठीमागे धरलेल्या हातात मिठाई ठेवली आणि स्वारी निमूट चालू लागली. जगातल्या अभिजात चित्रपटांत गणलेल्या सिनेमातली ती युक्ती आपल्या गॅलरीतही तशीच चालते.

फक्त एक. आमिष हातात आहे की लेन्सच्या वर, यावर नजर ठरते. लेन्सच्या अगदी वर, कपाळाशी धरलं तर कुत्रा आपल्याकडे बघतो. बाजूला धरलं तर भलतीकडे. आणि आमिष म्हणून उकडलेल्या चिकनचा तुकडा, भाजलेला भोपळा, भाकरीचा कोपरा. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट मात्र अजिबात नाही, ती कुत्र्यांना विषासारखी बाधतात.

कुत्रा नावाचं महायंत्र

फोटोग्राफीच्या बालपणी कुत्रा ही मोठी अडचण होती. १८३८ साली फ्रेंच फोटोग्राफर दागेरनं पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. प्लेटवर चित्र उमटायला कितीतरी मिनिटं लागायची. घोडागाड्या, माणसं सगळी हलती, म्हणून रस्ता ओसाड उमटला. ठळक उरला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिथले नावाजलेले फोटोग्राफर. तेव्हाही काचा रसायनात बुडवून ओल्याच वापरायच्या आणि समोरच्यानं सेकंद-सेकंद खांबासारखं बसायचं. त्या काळच्या फोटोंत कुत्रा असलाच तर बहुधा झोपलेला, नाहीतर दोन डोक्यांचा.

मग आला एडवर्ड मायब्रिज. १८७८ साली धावत्या घोड्याचे ओळीनं फोटो काढून त्यानं खळबळ उडवली, आणि १८८७ साली ७८१ फोटोपटांचा अवाढव्य संग्रह काढला. त्यात माणसं, घोडे, हत्ती, आणि आपले कुत्रेही पावलापावलानं उलगडलेले. फ्रान्समध्ये मारे नावाचा शास्त्रज्ञ एकाच प्लेटवर हालचालीचे टप्पे एकापुढे एक उमटवत होता. हे बघून इटलीच्या जाकोमो बालानं १९१२ साली चित्र रंगवलं. साखळीला बांधलेला बुटका डाशहुंड, पायांची नुसती भिंगरी, शेपटी दहा ठिकाणी, साखळीचे चार झोके, मालकिणीचे पायही तसेच. संध्याकाळी फिरायला निघालेला कुत्रा खरंच असा दिसतो. शटर १/१५ सेकंदावर ठेवून कुत्र्याबरोबर कॅमेरा फिरवत नेला की आपल्यालाही बाला जमतो.

आणि भिजलेला कुत्रा! आंघोळीनंतर ते जे सर्वांग झटकतात, त्याचा अभ्यास २०१२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये झाला. मोठा कुत्रा सेकंदाला साधारण चार-पाच झटके देतो, उंदीर तीसच्या आसपास. जीव जितका लहान, तितकं वेगानं झटकावं लागतं. सैल कातडी हाडांपेक्षा कितीतरी जास्त फिरते, आणि बघता बघता केसांतलं सत्तर टक्के पाणी बाहेर! कार्ली डेव्हिडसन या फोटोग्राफरनं तर २०१३ साली नुसत्या अशा झटकणाऱ्या कुत्र्यांचं “शेक” नावाचं पुस्तक केलं. ओठ एकीकडे, कान दुसरीकडे, लाळेचा फवारा तिसरीकडे. त्याच्या आदल्या वर्षी सेथ कॅस्टील यांचं “अंडरवॉटर डॉग्ज” आलं होतं, पाण्याखाली चेंडूमागे झेपावणाऱ्या कुत्र्यांचं. आमच्याकडे रविवारी न्हाणीघराच्या दारातून शटर १/२००० वर ठेवून मी एका दमात वीस-बावीस फोटो घेते. भिंती पुसाव्या लागतात, पण एकदा तिचा खालचा ओठ पार कानापर्यंत गेलेला मिळाला. तो फोटो फ्रिजवर आहे.

शेपटीकडेही लक्ष द्या. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की मालक दिसला की शेपटी कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकते, आणि परका दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. समोरून फोटो काढताना ते आपल्याला उलटं दिसणार, हे ध्यानात ठेवायचं.

निळा चेंडू घ्या

कुत्र्यांना काळं-पांढरंच दिसतं, हा समज आता सोडून देऊ. त्यांना निळा आणि पिवळा छान दिसतो. लाल आणि हिरवा मात्र दोन्ही मळकट पिवळ्या-तपकिरी छटांत विरघळतात. हिरवळीवरचा लाल चेंडू आपल्याला ठसठशीत, त्याला मात्र हरवलेला. मग तो नाकानं शोधतो आणि फोटोत मान खाली. निळा फेका, मान वर.

फोटोतला कुत्रा त्यांना ओळखू येतो का? व्हिएन्नात २००८ साली कुत्र्यांना नाकानं दाबायचा पडदा देऊन शिकवलं आणि त्यांनी कुत्र्यांचे फोटो निसर्गदृश्यांपासून बरोबर वेगळे काढले. दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यांनाही कुत्रे कळायला लागले. २०१९ साली सोनीनं आपल्या काही कॅमेऱ्यांत प्राण्यांचा डोळा आपोआप शोधून फोकस धरण्याची सोय दिली, पुढच्या वर्षी कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांतही ती आली. लांब नाकाच्या कुत्र्यात पूर्वी फोकस हटकून नाकावर बसायचा. आणि २०१५ साली निकॉननं एक बॉर्डर कॉलीच फोटोग्राफर केला. छातीवर कॅमेरा आणि हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा. ठोके वाढले की आपोआप क्लिक. जे बघून त्याचं काळीज उडालं, तेवढंच फोटोत.

काही चेहरे विसरता येत नाहीत

मिसावा, जपान, १९७१. अमेरिकन हवाई तळाजवळच्या या गावात दायदो मोरियामा यांना एक भटका कुत्रा दिसला. मान वळवून बघणारा, केस मळलेले, नजर अर्धी धमकीची, अर्धी थकलेली. तो फोटो जपानी फोटोग्राफीची ओळख बनला, आणि मोरियामांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नावही कुत्र्यावरूनच ठेवलं. आपल्या प्रत्येक चौकात असा एक जण बसलेला असतो.

त्याच देशातली काबोसू. साकुरा शहरातल्या बालवाडीच्या शिक्षिका आत्सुको सातो यांनी २००८ साली तिला आणलं; कुत्र्यांची पैदास करणारा धंदा बंद पडल्यावर वाऱ्यावर सोडलेल्यांपैकी ती एक. २०१० साली सोफ्यावर पंजे दुमडून, तिरक्या नजरेनं बघणाऱ्या काबोसूचा फोटो त्यांनी काढला. तोच “डोज” म्हणून जगभर फिरला, त्याच्या नावानं २०१३ साली डोजकॉइन हे आभासी चलनही निघालं. मे २०२४ मध्ये काबोसू गेली. टाकून दिलेली कुत्री, आणि घरातल्या सोफ्यावरचा साधा फोटो.

विल्यम वेगमन या अमेरिकन चित्रकारानं १९७० साली वायमरानर जातीचं पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं मॅन रे, थेट प्रसिद्ध फोटोग्राफरचं! पुढे पोलरॉइड कंपनीचा शंभर किलोंहून जड, वीस बाय चोवीस इंची फोटो देणारा कॅमेरा आणि हा करडा कुत्रा, अशी जोडी जमली. १९८२ साली मॅन रे गेला, तेव्हा न्यूयॉर्कच्या “व्हिलेज व्हॉइस” या साप्ताहिकानं त्याला “मॅन ऑफ द इयर” म्हटलं.

आणि घरातली तसबीर? दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे, चार वेदांचं रूप मानलेले. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि अशा देवांच्या रंगीत तसबिरी घरोघरी गेल्या. मराठी मुलानं भिंतीवर पाहिलेलं कुत्र्याचं पहिलं चित्र बहुधा हेच.

या छंदाचा एक उपयोग फार मोलाचा आहे. २०१५ साली अमेरिकेत घर शोधणाऱ्या काळ्या लॅब्रॅडॉर-मिश्र कुत्र्यांच्या फोटोंचा अभ्यास झाला. कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या, मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या, स्पष्ट फोटोतल्या कुत्र्यांना घर लवकर मिळालं. तुमच्या भागातही अनाथ कुत्र्यांना सांभाळणारं कुणी असेलच. त्यांना फोन करा, रविवारी तासभर जाऊन चांगल्या उजेडात चार फोटो काढून द्या. मी कारळीच्या बहीण-भावांसारख्या दिसणाऱ्या सात जणांचे काढलेत, पाच घरी गेले.

साडेचार वाजत आलेत. गॅलरीच्या कोपऱ्यात यावेळी ताटाएवढा उजेडाचा तुकडा पडतो. कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन ओढली, तशी ती स्वयंपाकघरातून उठली, आळस दिला आणि जाऊन बरोब्बर त्या तुकड्यात बसली. आता मला पोटावर झोपायला हवं.